सुनेसाठी स्थळ

दयानंदअण्णा हुक्केरीकरांनी जमवलेलं लग्न मोडलं, असं बेंगळुराच्या येलहंक्यातल्या एका तरी मराठी माणसानं म्हणून दाखवावं. एकदोन मोडली आहेत, नाही असं नाही, पण तसं म्हणायची कुणाची छाती होत नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून अण्णांनी हा एकच उद्योग मनापासून केला. बेळगावकडून, निपाणीकडून येऊन बेंगळुरात जुनी झालेली जेवढी म्हणून घरं आहेत, त्यातल्या बहुतेकांत अण्णांनी आणलेला एक तरी जावई नाहीतर सून नांदते आहे. तेव्हा त्या सकाळी उप्पीट खाता खाता त्यांची स्वतःची सून प्रणिता जे बोलली, ते ऐकून अण्णांच्या अंगात वारं भरलं, यात त्यांचा काही दोष नव्हता.

"बाबा, एकही प्रोफेसर रिप्लाय देत नाही," प्रणिता म्हणाली. "किती मेल्स पाठवले. हो नाही, नाही नाही. काहीच नाही."

"नाही म्हणून तरी कळवावं की," अण्णा म्हणाले. "पत्रिका परत पाठवायची रीत असते."

प्रणिता पुण्याची. बेंगळुरात येऊन तिनं तळ्यांवर येणाऱ्या फेसावर पीएच.डी. केली होती. या शहरात तळी आहेत, तळ्यांवर फेस येतो, आणि वारा सुटला की तो उडून स्कूटरवाल्यांच्या तोंडावर बसतो. तो का येतो आणि कसा जाईल, हे शोधण्यात प्रणितानं तारुण्याची चांगली वर्षं घालवली होती. "सून काय करते?" असं कुणी विचारलं की अण्णांची बायको शिवलीलाबाई "फेस" एवढंच सांगत आणि विषय बदलत. शेजारच्या बाईंनी तर साबणाच्या कारखान्यात ओळख आहे, शब्द टाकू का, असंही विचारून झालं होतं.

आता पीएच.डी. झाल्यावर पोस्टडॉक करावं लागतं. म्हणजे दोन-तीन वर्षं एखाद्या प्रोफेसरच्या प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली संशोधन करायचं, आणि मग कुठं कायमच्या नोकरीचं नाव काढायचं. प्रणितानं हे सगळं नीट समजावून सांगितलं. अण्णांनी ते डोळे मिटून ऐकलं.

"कळलं," ते म्हणाले. "शिकवून सवरून मोठी केलेली पोरगी आता चांगल्या घरी द्यायची. पटलं तर सोनं, नाही पटलं तर जन्माचं वाटोळं. आणि तुम्ही काय करताय, तर ओळख ना पाळख, थेट मुलाच्या बापाला मेल. कोण उत्तर देणार?"

"बाबा, तसं नाहीये ते."

"तसंच आहे की."

"इथे नाही मिळालं तर फिनलंडला पण अप्लाय केलंय मी," प्रणिता म्हणाली. "तिकडे हजारो तळी आहेत. अभिजीतची कंपनी त्याला रिमोट द्यायला तयार आहे. युगादीपर्यंत काहीतरी ठरवायला हवं."

अण्णांचा चमचा तोंडाकडे जाता जाता थांबला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोज संध्याकाळी प्रणिता बसमधून उतरली की स्टॉपसमोरच्या दर्शिनीत, त्या उभ्यानं खायच्या छोट्या हॉटेलात, सासरा आणि सून कॉफी पीत. बाय-टू. म्हणजे एकच कॉफी, दोन ग्लासांत अर्धी अर्धी. डॉक्टरनं अण्णांना कॉफी निम्म्यावर आणायला सांगितली होती, हे झालं वरचं कारण. खरं कारण असं की लग्नं जमवणाऱ्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. ज्यांच्या घरात लग्नाची मुलं आहेत ते तर नाहीच नाही. अण्णा काहीही बोलले तरी सगळे "होय की, अण्णा" म्हणत. "बाबा, हे साफ चूक आहे" असं तोंडावर सांगणारं माणूस त्यांना आयुष्याच्या उतरणीला सुनेच्या रूपानं भेटलं होतं. त्या अर्ध्या ग्लासावर दोघं पंतप्रधानांपासून पडवळाच्या भाजीपर्यंत सगळ्यांवर भांडत. मुलगा अभिजीत व्हाइटफील्डहून घरी पोचायचा तेव्हा रात्रीची जेवणं उरकत आलेली असत, त्यामुळे त्याचा यात काही उपयोग नव्हता. ही पोरगी फिनलंडला गेली तर आपण भांडायचं कुणाशी, या विचारानं अण्णांचं उप्पीट अर्धंच राहिलं. जाऊ नको म्हणायला जीभ रेटेना. सुनेच्या शिक्षणाच्या आड येणाऱ्या सासऱ्यांना अण्णांनी स्वतः बैठकीत चार शब्द सुनावलेले होते. तेव्हा एकच मार्ग उरला, तो म्हणजे बेंगळुरातच चांगलं स्थळ पाहायचं.

अण्णांनी त्याच दुपारी बायोडाटा तयार केला. लग्नाचे बायोडाटा लिहून लिहून त्यांचा हात बसलेला होता, त्यामुळे उंची, रास, नक्षत्र, मामाचं आडनाव हे आपोआप उतरलं. त्याखाली "शिक्षण: पीएच.डी. (फेस)", त्याखाली "स्वभाव: मनमिळाऊ, क्वचित वाद घालणारा", आणि शेवटी "अपेक्षा: प्राध्यापक निर्व्यसनी, शांत स्वभावाचा, बेंगळुरात स्थायिक, स्वतःची प्रयोगशाळा असल्यास प्राधान्य." मग त्यांनी हे सगळं इंग्रजीतही केलं. फोटो लग्नातला लावला, कारण पैठणीतला तेवढा एकच चांगला होता. शेजारी अभिजीत होता, त्याला कापला. मात्र त्याचा हात प्रणिताच्या खांद्यावर होता, तो काही कापता आला नाही, तो राहिला. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून प्रोफेसरांचे पत्ते काढून, लिफाफ्यांच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावून, अण्णांनी गठ्ठा स्पीडपोस्टानं रवाना केला. एवढ्यावर थांबले असते तर ते अण्णा कसले. ओळखीतल्या कुणाची ओळख विद्यापीठात असेल, म्हणून तोच बायोडाटा त्यांनी आपल्या वधूवर ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "घरचीच मुलगी आहे. लवकर जमवायचं आहे. विवाहित असल्याची नोंद घ्यावी."

लोकांनी नोंद घेतली. संध्याकाळपर्यंत अण्णांचा फोन तापला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या तिघी बायका शिवलीलाबाईंकडे येऊन बराच वेळ त्यांचा हात धरून बसल्या. हुक्केरीकरांच्या घरात मुलगा-सुनेचं बिनसलं आणि सासरा स्वतः सुनेला उजवून देतोय, ही बातमी दुपारच्या आत निपाणीला पोचली. माणूस किती मोठ्या मनाचा, असं निम्मे म्हणत होते. उरलेले निम्मे फोटोतल्या त्या हाताकडे बोट दाखवून चुकचुकत होते. अभिजीत आउटर रिंग रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकला असताना त्याला आत्याचा फोन आला. "झालं गेलं विसर बाळा," आत्या म्हणाली, "पण असं झालं तरी काय?" अभिजीतला वाटलं, गाडी ठोकली ते घरी कळलं.

सगळ्यांत कडी केली ती मल्लेश्वरमच्या एका गृहस्थांनी. "अण्णा, मुलगी दुसरेपणाची असली तरी आमची हरकत नाही," ते म्हणाले. "आमचाही दुसरेपणाचाच आहे."

"अहो, ती नांदतेय," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"माझ्या घरात."

त्या गृहस्थांनी फोन ठेवला आणि ग्रुप सोडला.

प्रणिता आधी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिला स्पीडपोस्टाच्या गठ्ठ्याचं कळलं आणि तिचं हसू बंद झालं. "बाबा, माझ्या फील्डमधले लोक आहेत ते. कुंकू लावून पाठवलंत तुम्ही? हे करिअर आहे माझं," ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली. त्या संध्याकाळी कॉफीला ती आली नाही. अण्णांना फार लागलं. एवढी लग्नं जमवली, पण असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी घरात मौन धरलं. ते शिवलीलाबाईंना फार सुखाचं गेलं.

मौन सुटलं ते शेजारच्या भीमाचार्यांमुळे. भीमाचार्य म्हणजे पत्रिका बघणारे. अण्णांनी जमवलेल्या प्रत्येक लग्नातले गुण त्यांनीच जुळवलेले. त्यांनी प्रणिताची पत्रिका मांडली आणि तोंड वाकडं केलं.

"गुरुबळ स्वल्प कमी आहे," ते म्हणाले. "प्रोफेसराची जन्मतारीख आणा. नाडी बघायला पाहिजे. एकनाड आली तर संतती नाही."

"आचार्य, ह्यात कसली संतती?"

"संशोधनात संतती म्हणजे पेपर," भीमाचार्य शांतपणे म्हणाले. "दोघं वर्षानुवर्षं काम करतील आणि एक पेपर होणार नाही."

हे अण्णांना एकदम पटलं. पण ज्याची पत्रिका जुळवायची तो प्रोफेसर आणायचा कुठून, असा विचार करत ते घरी आले, तर प्रणिता दारात उभी. चेहरा राग धरावा की सोडावा अशा पेचात सापडलेला. जयतीर्थ नावाच्या एका मोठ्या प्रोफेसराचं उत्तर आलं होतं. बायोडाटा आवडला, असा वेगळा उमेदवार आपण पाहिला नाही, विभागात रीतसर कागद जमा करा, असं त्यात लिहिलं होतं.

"म्हणजे कुंकू चाललं," अण्णा म्हणाले.

"बाबा, प्लीज," प्रणिता म्हणाली, पण त्या संध्याकाळी कॉफी झाली.

कागद जमा करायची मुदत संपत आलेली, आणि प्रणिताला नेमकं परिषदेसाठी म्हैसूरला जायचं होतं. तेव्हा कागद घेऊन अण्णाच गेले. कागदांत एक 'नो ड्यूज'चा दाखला लागत होता. म्हणजे पीएच.डी. करताना विद्यापीठाची जी वस्तू घेतली ती परत केली, असा दाखला. याच विद्यापीठात पीएच.डी. झालेली, एका सहीचं काम, असं अण्णांना वाटलं. त्या खिडकीवरून ह्या खिडकीवर, ह्या खिडकीवरून जेवणाच्या सुट्टीवर, असं करत अण्णा भांडारात पोचले. भांडारवाल्यानं संगणकात पाहून मान हलवली.

"एक बकेट येणं आहे, सार," तो म्हणाला. "फेस गोळा करायला नेलेली. प्लास्टिक, निळी, झाकणाशिवाय."

अण्णांच्या डोळ्यांपुढं ती बादली लख्ख उभी राहिली. ती त्यांच्याच गच्चीवर होती आणि शिवलीलाबाईंनी तिच्यात कढीपत्ता लावला होता. अण्णा बसनं घरी आले, शिवलीलाबाईंची नजर चुकवून बादली उचलली आणि कढीपत्त्यासकट रिक्षात बसले. झाड छातीएवढं. रिक्षावाल्यानं वाटेत चार पानं मागितली, ती द्यावी लागली.

भांडारवाला बादलीकडे बघून म्हणाला, "सार, दिली तेव्हा रिकामी होती."

"आता भरलेली आहे. जास्तच देतोय की."

"झाडाची नोंद कुठं करू? झाड म्हटलं की बागकाम विभागाची परवानगी लागते."

वाद बराच वेळ चालला. शेवटी अण्णांनी बादली आडवी करून झाड मातीच्या गड्ड्यासह बाहेर काढलं, गळ्यातल्या टॉवेलात बांधलं, आणि दाखल्यावर शिक्का मिळवला. मग तेच झाड तान्ह्या पोरासारखं कडेवर घेऊन ते प्रोफेसर जयतीर्थांच्या खोलीत शिरले, कारण ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती. अंगभर माती. प्रोफेसर खुर्चीतून उठले, झाडाजवळ आले, एक पान चुरगाळून त्यांनी वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"घरचा करिबेवु," ते म्हणाले. "आमच्या आईच्या परसात असा होता." अण्णांनी झाड माझ्यासाठीच आणलं, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि अण्णांनीही ते खोडलं नाही. झाड एका मोठ्या काचेच्या भांड्यात खिडकीत विराजमान झालं. पुढच्या आठवड्यात प्रणिताची मुलाखत झाली. प्रोफेसर "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिले आणि जागा तिची झाली. बेंगळुरात. घरापासून एका बसवर.

घरात जो आनंद झाला तो विचारू नका. शिवलीलाबाईंनी कढीपत्त्याबद्दल माफ केलं. भीमाचार्यांनी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून जयतीर्थांची जन्मतारीख काढून नाडी वेगळी असल्याचा निर्वाळा दिला आणि दरवर्षी दोन पेपर होतील असं सांगितलं. अण्णांनी बेळगावहून कुंदा मागवला. वधूवर ग्रुपवरही त्यांनी "मुलीचं जमलं, सर्वांचे आभार" असं टाकलं, त्यावर पुन्हा थोडा गोंधळ झाला, पण तो असो.

आता अण्णांचा एक नियम होता. साखरपुड्याआधी चौकशी. स्थळ कितीही चांगलं असो, ओळखीचं असो, पुढं कोण बसलंय हे न बघता ते घराची चौकशी करणार म्हणजे करणार. आणि घरी, दारी, गल्लीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "ह्याआधी ठरलेलं का मोडलं?" त्या एका प्रश्नावर अण्णांनी किती पोरी वाचवल्या, याचा हिशेब नाही. इथं तर सगळं उत्तमच होतं, चौकशीची काही गरज नव्हती. पण नियम म्हणजे नियम. एकदा जाऊन यावं, कॉफी प्यावी, आणि शिक्का मारून मोकळं व्हावं, असं म्हणून अण्णा विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये गेले.

जयतीर्थांच्या प्रयोगशाळेतली अंजली नावाची एक विद्यार्थिनी तिथं भेटली. धारवाडची, मराठी समजणारी. अण्णांनी तिला कॉफी घेऊन दिली आणि सर कसे आहेत, असं विचारलं.

"सर चांगले आहेत," अंजली दाराकडे बघत म्हणाली.

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. "मुलगा चांगला आहे, फक्त जरा तापट आहे" हे सांगताना शेजारीपाजारी असंच दाराकडे बघतात.

"सुनेच्या आधी ह्या जागेवर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"एक मॅडम होत्या."

"आणि त्यांच्या आधी?"

"एक सर होते. सगळे मध्येच जातात, अण्णा." मग ती कॉफीच्या ग्लासात बघत हळूहळू बोलली. सर सगळ्यांसमोर ओरडतात. फाइल फेकतात. मॅडमनी केलेलं काम छापून आलं तेव्हा त्यात मॅडमचं नाव सगळ्यात शेवटी होतं, आणि मॅडम त्याच दिवशी टेबल आवरून गेल्या. "पण सर फार मोठे आहेत," ती शेवटी म्हणाली आणि पुन्हा दाराकडे बघितलं.

एक पोरगी सांगते ते खरं असेलच असं नाही, असं अण्णांनी मनाला समजावलं. मन समजायलाच बसलं होतं. नसतं समजलं तर फिनलंड होतं. जाता जाता ते प्रोफेसरांच्या खोलीवरून गेले. दार उघडं होतं, खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतल्या काचेच्या भांड्यात कढीपत्ता उभा होता, पान न् पान वाळलेला. आईची आठवण येऊन डोळे भरून आले होते त्या माणसाला, आणि कुणी पाण्याचा एक तांब्या घातला नव्हता. अण्णांनी मातीत बोट खुपसून बघितलं, ती कोरडीठाक होती. मग बसमध्ये बसले आणि स्टॉप येऊन गेला तरी उतरले नाहीत.

त्याच आठवड्यात फिनलंडच्या प्रोफेसरबाईंचा व्हिडिओ कॉल आला. हेल्मी त्यांचं नाव. प्रणितानं आपलं इथं ठरल्याचं त्यांना कळवलं होतं, तरी जागा तुझ्यासाठी ठेवली आहे, एकदा बोलूया, असं बाईंचं म्हणणं पडलं. कॉल संपता संपता अण्णा आत शिरले. वर कोट, खाली पायजमा.

"मॅडम, बिफोर प्रणिता, हू वॉज देअर? व्हाय दे वेंट?" अण्णांनी विचारलं.

प्रणितानं कपाळावर हात मारला. हेल्मीबाई काही बोलल्या नाहीत. इतका वेळ बोलल्या नाहीत, की अण्णांना वाटलं चित्र अडकलं, आणि त्यांनी लॅपटॉपला एक टपली मारली. मग बाई म्हणाल्या, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही आणि प्रत्येकानं विचारायला हवा. आणि त्यांनी आधीच्या तिघांचे फोन नंबर पाठवून दिले.

अण्णांनी तिघांनाही फोन लावले. टेलिफोन खात्यातला माणूस, परदेशी फोनला तो काय भितो. एक ब्राझीलची बाई निघाली, ती हेल्मीबाईंचं नाव ऐकताच रडायलाच लागली. अण्णा घाबरले. मग कळलं की ती प्रेमानं रडत होती. तिथल्या पहिल्या थंडीत आजारी पडली होती तेव्हा हेल्मीबाई रोज दारात सूप ठेवून जात, घंटाही न वाजवता. कोरियाचा एकजण आता स्वतः प्रोफेसर झाला होता. तिसऱ्याला अण्णांचं इंग्रजी कळलं नाही आणि अण्णांना त्याचं, पण तोही बाईंचं नाव आलं की हसत होता.

म्हणजे जवळचं स्थळ वाईट आणि लांबचं चांगलं. अण्णांच्या आयुष्यात असा पेच कधी आला नव्हता, कारण आजवर पोरी दुसऱ्यांच्या होत्या. आणि गंमत म्हणजे ह्यातलं काहीही प्रणितानं विचारलेलं नव्हतं. गप्प बसलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं. दोन दिवस अण्णा गप्प बसले. शिवलीलाबाईंना आता ते सुखाचं जाईना, त्या कपाळाला हात लावून ताप बघू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दर्शिनीत बाय-टू घेऊन दोघं उभी होती. प्रणिता म्हणाली, "बाबा, उद्या जयतीर्थ सरांकडे जॉइनिंगची सही करायची आहे."

"करू नको," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अंजलीचं, आधीच्या मॅडमचं, कढीपत्त्याचं. ब्राझीलच्या सुपाचंही सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. प्रणिता एक शब्द मध्ये बोलली नाही, आणि ते अण्णांना फार चुकल्यासारखं वाटलं.

"मला थोडंफार माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत असतं. पण दोन वर्षं काढली असती मी. घरच्या घरी. तुम्ही इतकं धावलात... आणि मग हे कोण पिणार?" तिनं अण्णांच्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

"हे बघ पोरी," अण्णा म्हणाले, "विहीर घराजवळ आहे म्हणून कुणी पोरीला तिच्यात ढकलत नाही. तू गेलीस तर मला करमणार नाही, हे खरंय. अजिबात करमणार नाही. पण तो माझा प्रश्न आहे, स्थळाचा नाही."

"बाबा, हे साफ चूक आहे," प्रणिता म्हणाली आणि रडायला लागली. अण्णांना बरं वाटलं.

युगादीच्या पाडव्याला बेवू-बेल्ल, म्हणजे कडुलिंब-गूळ, खाऊन झालं. कडुलिंब अण्णांच्या वाट्याला जरा जास्त आला, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या आठवड्यात प्रणिता आणि अभिजीत गेले. अभिजीतला तर व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकपेक्षा फिनलंड जवळ पडलं. शिवलीलाबाईंनी रोप करायला कढीपत्त्याच्या बिया दिल्या, त्या विमानतळावर काढून घेतल्या. भीमाचार्यांनी हेल्मीबाईंच्या जन्मतारखेचा नाद अजून सोडलेला नाही.

संध्याकाळी अण्णा सवयीनं दर्शिनीत गेले. काउंटरवरच्यानं त्यांना बघून, काही न विचारता, सवयीनं बाय-टू ओतली. दोन ग्लास, अर्धे अर्धे. अण्णांनी नेहमीचे पैसे मोजले. दोन्ही घेऊन नेहमीच्या टेबलाशी उभे राहिले आणि दुसऱ्या ग्लासाची वाफ बघत बसले. रस्त्यावरून बस गेली, थांबली, माणसं उतरली. अण्णांनी उगाच बघितलं.

उतरलेल्यांत अंजली होती. इकडेतिकडे बघत ती सरळ त्यांच्यापाशी आली.

"अण्णा," ती म्हणाली, "मला हैदराबादहून पोस्टडॉकची ऑफर आली आहे. लॅबमधले सगळे म्हणाले, तुम्ही चौकशी करता. संध्याकाळी इथं असता, हे प्रणिता मॅडमनी कळवलं." आणि मग, दाराकडे न बघता, ती म्हणाली, "मी त्या दिवशी खोटं बोलले. आमचे सर चांगले नाहीत."

अण्णांनी दुसरा ग्लास तिच्याकडे सरकवला. कोटाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला.

"बस. म्हणजे उभी राहा," ते म्हणाले. "आणि आता सांग, तिथली आधीची का गेली?"